वाजलं, पण काय?

दर तासाला मी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या तीन कांड्या घेऊन पॅकिंग लाइनपाशी जाते. एकीत लोखंडाची दीड मिलिमीटरची गोळी आहे, दुसरीत पितळेची दोन मिलिमीटरची, तिसरीत स्टेनलेस स्टीलची अडीच मिलिमीटरची. मसाल्याच्या पाकिटावर एकेक कांडी ठेवायची आणि पट्ट्यावरून मेटल डिटेक्टरच्या बोगद्यातून पाठवायची. यंत्र वाजलं पाहिजे, हवेच्या झोताने पाकीट लाल पेटीत पडलं पाहिजे, मग वहीत वेळ आणि सही. सांगलीजवळच्या एमआयडीसीत मसाले आणि लोणची करणाऱ्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात, मला १४ वर्षं झाली. इतकी वर्षं एकाच यंत्राचा आवाज ऐकला की त्याच्याविषयी माणसाला काही वाटायला लागतं. मला वाटतं ते लिहून ठेवायचं आहे. हे यंत्र पुढे कुठे जाईल, आणि कुठे जायला हवं.

आधी ते करतं काय, हे सांगते. बोगद्याच्या भिंतीत तारेची तीन वेटोळी असतात. मधलं वेटोळं सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र सोडत राहतं आणि दोन्ही बाजूंची वेटोळी ते ऐकत राहतात. दोघांना अगदी सारखं ऐकू येतं, म्हणून एकातून दुसरं वजा केलं की बाकी शून्य. धातूचा कण आत शिरला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात, त्यांचं स्वतःचं इवलंसं क्षेत्र तयार होतं आणि ते शून्य मोडतं. लोखंड तर चुंबकालाही दाद देतं, म्हणून ते सर्वांत आधी सापडतं. स्टेनलेस स्टील चुंबकाला फारसं जुमानत नाही आणि वीजही जेमतेमच वाहून नेतं. त्यामुळे तुटलेल्या चाळणीची बारीक तार, जिची आम्हाला खरी धास्ती असते, तीच यंत्राला सर्वांत कमी ऐकू येते.

धातू नसतानाही शून्य मोडतं. हे मला नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात कैरीच्या लोणच्याने शिकवलं. मिठाचं पाणी वीज वाहून नेतं. लोणच्याची बरणी बोगद्यात शिरली की यंत्राच्या दृष्टीने तो एक मोठा, मऊ, धातूसारखा गोळाच असतो. ते वाजतं. मग त्याला शिकवावं लागतं. स्वच्छ असल्याची खात्री केलेली बरणी पुन्हा पुन्हा आत पाठवून सांगायचं की हे लोणचं आहे, याला वाजू नकोस. यंत्र ते शिकतं. पण सकाळी थंड असलेला माल दुपारी तापला, खाराचं प्रमाण थोडं बदललं, की शिकवलेलं निसटतं आणि पुन्हा वाजायला लागतं.

मी पूर्वी एका ठिकाणी काम करत होते, तिथे अशाच एका दुपारी यंत्र सारखं वाजायला लागलं. माल निघायचा होता, गाडी दारात उभी होती. पाचव्या-सहाव्या बरणीनंतर कुणीतरी संवेदनशीलता खाली आणली. आवाज बंद झाला. त्या दिवशी कुणाच्या बरणीत काही गेलं असेलच असं नाही, बहुतेक नसेलच. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. फार वाजणाऱ्या यंत्राचं माणसं काय करतात, ते मी पाहिलं होतं. ती त्याचे कान बंद करतात.

वाजणं आणि ओळखणं यात अंतर आहे हे मात्र मला त्याच्याही आधी, नववीत असताना कळलं होतं. आमच्या हरणीमुळे.

हरणी आमची गाय. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव, दुष्काळी पट्टा, चारा विकत आणायचा, कडबाकुट्टीत बारीक करायचा आणि गव्हाणीत टाकायचा. १९९६ च्या उन्हाळ्यात तिने खाणं सोडलं. ओढ्याकडे उतरायची वाट आली की ती थबकायची. चढाला चालायची, उताराला नाही. पुढचे पाय बाहेर फाकवून उभी राहायची आणि बसताना कण्हायची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधी घरगुती उपाय केले. मग गळ्याखालची पोळी सुजली आणि त्यांनी तालुक्याहून डॉक्टरांना आणलं. डॉक्टरांकडे एक दांड्याचं यंत्र होतं. मी मेटल डिटेक्टर पहिल्यांदा पाहिला तो गोठ्यात. त्यांनी तो हरणीच्या डाव्या कोपरामागे धरला आणि तो वाजला.

अण्णा म्हणाले, "सापडलं की मग."

डॉक्टर काही बोलले नाहीत. शेजारीच आमची दुसरी गाय रवंथ करत उभी होती, धडधाकट, दोन्ही वेळा दूध देणारी. त्यांनी यंत्र तिच्याही कोपरामागे धरलं. तेही वाजलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. गाय चारा चावत बसत नाही, गिळून टाकते. चाऱ्याबरोबर खिळा गेला, तारेचा तुकडा गेला, कडबाकुट्टीने कुंपणाची तार चारली, तर तो जाळीसारखा दिसणाऱ्या पोटाच्या कप्प्यात जाऊन बसतो. कितीतरी गाईंच्या पोटात असं लोखंड असतं आणि त्या त्याच्यासह आयुष्य काढतात. पण त्या कप्प्याच्या पुढे एक पडदा आणि पडद्यापलीकडे हृदय. तार आडवी पडून राहिली तर काही नाही. टोक पुढे वळलं तर पोट आवळताना ती पुढे सरकत जाते. "हे यंत्र लोखंड आहे एवढंच सांगतं," डॉक्टर म्हणाले. "कसलं आहे, किती लांब आहे, टोक कुठे आहे, ते त्याला कळत नाही."

उशीर झाला होता. हरणी आठ दिवसांनी गेली. अण्णांनी तिला फाडू दिलं नाही. बांधाच्या खाली, चिंचेजवळ, चार माणसांनी पुरुषभर खड्डा काढला. तिच्या आत वाजलं ते काय होतं, खिळा की तार की आणखी काही, ते आम्हाला कधीच कळलं नाही. अण्णा पुढे कित्येक महिने मध्येच म्हणायचे, "वाजलं खरं. पण काय वाजलं?"

हाच प्रश्न त्याच्या ११५ वर्षं आधी वॉशिंग्टनमध्ये एका बिछान्याशी उभा राहिला होता. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर रेल्वे स्थानकात गोळी झाडली गेली. गोळी शरीरात राहिली आणि कुठे राहिली ते कुणाला सांगता येईना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून १४ वर्षं होती. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल तेव्हा ३४ वर्षांचा होता. दोन वेटोळ्यांचा समतोल साधायचा, धातू जवळ आला की तो बिघडतो आणि टेलिफोनच्या कर्ण्यात आवाज येतो, या तत्त्वावर त्याने घाईघाईत यंत्र उभं केलं. यादवी युद्धातल्या जुन्या गोळ्या अंगात वागवणाऱ्या सैनिकांवर ते तपासलं. चाललं. आमच्या बोगद्यातला समतोल तोच आहे. मग जुलैअखेर आणि पुन्हा १ ऑगस्टला बेलने राष्ट्राध्यक्षांच्या अंगावरून ते फिरवलं, आणि कर्णा एका ठिकाणी नव्हे, सगळीकडे कुजबुजत राहिला.

गादीत पोलादी तारा होत्या. स्प्रिंगच्या गाद्या तेव्हा नव्या, बहुतेकांना ठाऊक नसलेल्या. शिवाय मुख्य डॉक्टर ब्लिस यांची खात्री होती की गोळी उजवीकडे आहे, म्हणून शोधही उजवीकडेच झाला. ती डावीकडे होती. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले, तेही गोळीपेक्षा जास्त, न धुतलेल्या बोटांनी आणि सळयांनी जखम चाचपल्यामुळे झालेल्या जंतुसंसर्गाने.

मी ही हकिगत वाचली तेव्हा गोठा डोळ्यांपुढे आला. बेलचं यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते खरंच बोलत होतं, धातू होताच. फक्त गादीतला कुठला आणि माणसातला कुठला, हे त्याला वेगळं करता येत नव्हतं.

या विषयाचा पुढचा सगळा इतिहास मला त्या खोलीतून बाहेर पडायच्या धडपडीसारखा वाटतो. गेरहार्ट फिशर या जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या अभियंत्याच्या लक्षात आलं की रेडिओने दिशा शोधणारी यंत्रणा खनिजं असलेल्या डोंगराजवळ चुकते. ती चूक पकडून त्याने १९३० च्या दशकात हातात धरून चालायचा डिटेक्टर बनवला आणि १९३७ मध्ये त्याला पेटंट मिळालं. मग युद्ध आलं. युझेफ कोसाट्स्की हा पोलिश लेफ्टनंट मायदेश गमावून स्कॉटलंडमध्ये होता. तिथे त्याने भूसुरुंग शोधणारं यंत्र तयार केलं, जेमतेम १४ किलोंचं, एका माणसाला वाहता येईल असं. पेटंट न घेता ते ब्रिटिश सैन्याला देऊन टाकलं. ऑक्टोबर १९४२ मध्ये इजिप्तमधल्या एल अलामेनच्या वाळवंटात अशी ५०० यंत्रं सुरुंगांतून वाट काढत पुढे गेली. घरचे लोक शत्रूच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये होते म्हणून त्याचं नाव लपवून ठेवावं लागलं. राजाकडून आभाराचं पत्र आलं, एवढंच. एवढ्या लोकांचे पाय वाचवणाऱ्या माणसाबद्दल आपण शाळेत एक ओळही शिकत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पण यंत्राने लोखंड शोधायला सुरुवात केली तसे सुरुंग करणाऱ्यांनी लोखंड काढून घेतलं. आज कंबोडियातल्या, अंगोलातल्या शेतांत असे सुरुंग पुरलेले आहेत ज्यांचं सगळं अंग प्लॅस्टिकचं आहे आणि धातू म्हणून फक्त आतली टाचणीएवढी पिन. ती ऐकू यावी म्हणून यंत्राचे कान एवढे तीक्ष्ण करावे लागतात की मग त्याला प्रत्येक काडतुसाचं टरफल, खिळा, डब्याचा पत्रा, सगळंच ऐकू येतं. एका सुरुंगामागे शेकडो वेळा खोटा आवाज. आणि तिथे खोटा आवाज म्हणजे लाल पेटीतली बरणी नव्हे. दर वेळी माणसाने गुडघ्यांवर बसायचं, सळई तिरपी धरून माती चाचपायची, बोटाबोटाने खणायचं आणि शेवटी बाटलीचं बूच हाती घ्यायचं. दिवसभर. शंभर बुचांनंतरही एकशे एकावा आवाज पहिल्यासारखाच ऐकायचा. मी लोणच्याच्या सहाव्या बरणीला माणसं कंटाळताना पाहिली आहेत, म्हणून या लोकांच्या धीरापुढे मला नतमस्तक व्हावंसं वाटतं.

तिथे सध्याचं उत्तर एका उंदराकडे आहे. आफ्रिकेतल्या मोठ्या गालपिशवीवाल्या उंदराला धातूशी देणंघेणं नाही, त्याला स्फोटकाचा वास येतो. बुचावरून तो सरळ पुढे जातो. मगावा नावाच्या अशाच उंदराने कंबोडियात १०० हून अधिक सुरुंग आणि जिवंत दारूगोळा शोधला, २०२० मध्ये त्याला शौर्याचं सुवर्णपदक मिळालं आणि २०२२ च्या जानेवारीत तो म्हातारा होऊन गेला. आपण दीडशे वर्षं जे यंत्र घडवतो आहोत त्याला ज्याची उणीव आहे, नेमकं तेच त्या उंदराकडे होतं. कशाकडे दुर्लक्ष करायचं, ते त्याला ठाऊक होतं.

म्हणूनच उद्याच्या डिटेक्टरबद्दल लोक "किती खोल?" असं विचारतात तेव्हा मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. खोलीला निसर्गाने मर्यादा घातली आहे. वेटोळ्याचं क्षेत्र अंतरागणिक झपाट्याने विरतं, आणि वस्तूकडून परत येणारा आवाजही तेवढ्याच झपाट्याने विरतो. लहान वस्तूसाठी थोडी खोली वाढवायची तर कितीतरी पट ताकद लागते. खरी वाट दुसरीकडे आहे. एकाच वारंवारतेऐवजी अनेक वारंवारता एकदम सोडल्या तर प्रत्येक वस्तू प्रत्येक वारंवारतेला वेगळी दाद देते. खिळा एका तऱ्हेने, नाणं दुसऱ्या, बंदुकीची नळी तिसऱ्या. त्या सगळ्या दादींचा मिळून एक ठसा तयार होतो. त्यात वस्तू केवढी, कशाची, कोणत्या दिशेला पसरलेली, हे सगळं मुरलेलं असतं. मँचेस्टर विद्यापीठातले अभियंते आणि गणिती अनेक वर्षं याच ठशांच्या मागे आहेत. त्यातल्या सुरुंगांच्या कामाला फुटबॉलपटू बॉबी चार्लटन यांनी २०११ मध्ये काढलेल्या संस्थेनं पैसा पुरवला. ठशांचं ग्रंथालय जमवायचं आणि यंत्राने नवा आवाज त्याच्याशी ताडून पाहायचा. सोबतीला जमिनीत शिरणारं रडार, म्हणजे धातू नसलेलं प्लॅस्टिकचं कवचही दिसावं. असे दुहेरी डिटेक्टर सुरुंगांच्या शेतांत आजही वापरात आहेत. पुढे प्रयोगशाळेत हिऱ्यातल्या सूक्ष्म दोषांवर किंवा अणूंच्या वाफेवर चालणारे चुंबकमापक आहेत. त्यांना एवढं बारीक ऐकू येतं की पृथ्वीचं स्वतःचं चुंबकत्व त्यांच्यापुढे गोंगाट ठरतं.

यात आपल्या मातीचा एक मोठा अडथळा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपला दख्खन बेसाल्टचा. त्याच्या मातीत चुंबकी लोहखनिजाचे कण मिसळलेले. कोकणातला जांभा तर लोहाने लाल झालेला. अशा जमिनीवर डिटेक्टर धरला की खालची मातीच बोलायला लागते. आणि काळ्या चिकण मातीत पाऊस मुरला की रडारच्या लहरी हातभरही नीट जात नाहीत. इंग्लंडच्या शेतात उत्तम चालणारं यंत्र आमच्या खानापुरात अडखळतं ते यामुळे. ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या प्रदेशातली जमीन अशीच खनिजांनी भरलेली, म्हणून तिथल्या लोकांनी मातीचा आवाज वजा करणारी यंत्रं बनवली आणि त्यात जगाच्या पुढे गेले. आमच्या मातीचा अभ्यास आमच्याच कुठल्यातरी विद्यापीठाने करावा, काळी, जांभी, मुरमाड, प्रत्येकीची दाद मोजून ठेवावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. माझं लोणचं आणि ही माती, दोघांचा प्रश्न एकच आहे. आधी पार्श्वभूमी ओळखायची आणि मग तिच्यातलं परकं काय ते.

माणसांच्या दारातही हाच घोळ आहे. चार वर्षांपूर्वी अण्णांच्या गुडघ्याची वाटी बदलली. त्यानंतर आम्ही देवाला गेलो, तर दारातल्या चौकटीत ते शिरले आणि ती वाजली. पुढे माझी आई, मंगळसूत्र, पाटल्या, जोडवी, पैंजण. वाजली. मागून येणारा प्रत्येक जण किल्ल्या, मोबाइल, पट्टा घेऊन वाजत होता. सुरक्षारक्षक पोरगा सकाळपासून उभा, थकलेला, सगळ्यांना हातानेच "चला, चला" करत होता. रेल्वे स्थानकांच्या दारातल्या चौकटी मी अशाच वाजताना पाहिल्या आहेत. मुंबईने २००८ मध्ये जे सोसलं त्यानंतर त्या उभ्या राहिल्या, आणि त्यांचा आवाज गर्दीच्या आवाजात विरून गेला. लांडगा आला रे आला किती वेळा ऐकायचं? त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या यंत्राला अण्णांचा गुडघा आणि सुरा सारखाच वाटतो, त्याने माणसावर सगळा भार टाकलेला असतो. ठसा ओळखणारी चौकट आली, म्हणजे किल्ल्यांना गप्प बसेल आणि फक्त हत्याराला बोलेल अशी, तर ती शंभर चौकटींचं काम करेल. दहा-पंधरा वर्षांत ती येईल असं मला वाटतं.

पण ओळखायला शिकलेली चौकट सगळंच ओळखेल. गुडघ्याची वाटी, हाडातला खिळा, हृदयाचा पेसमेकर, उद्या कदाचित एखाद्या बाईने घरात कुणाला न सांगता बसवलेली तांबीसुद्धा. आज वाजतं तेव्हा निदान कुणाला काही कळत नाही. उद्याच्या यंत्राच्या पडद्यावर काय लिहून येईल आणि तो पडदा कोण पाहील, हे यंत्र दारात बसवायच्या आधी ठरलं पाहिजे. मी बाई आहे आणि बायकांच्या रांगेत उभी राहते, म्हणून हे मला इतर कशापेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

दवाखान्यात मात्र या यंत्राचं भविष्य मला निखळ आनंदाचं दिसतं. लेकराने नाणं गिळलं तर काही ठिकाणी हातातला डिटेक्टर गळ्यावरून, छातीवरून फिरवतात आणि क्ष-किरण वाचवतात. त्याहून सुंदर गोष्ट कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतली. स्तनातली गाठ हाताला लागणार नाही एवढी लहान असली तर आधी सुईतून तिथे पाच मिलिमीटरचा स्टीलचा दाणा सोडतात. मग शस्त्रक्रियेच्या वेळी चुंबकीय शोधक त्वचेवर फिरवून नेमकी जागा धरतात आणि गाठ दाण्यासकट काढतात. बेलकडे अंगात धातू होता आणि जागा ठाऊक नव्हती. इथे जागा हरवू नये म्हणून धातू स्वतःहून ठेवला जातो. बेलला हे पाहायला मिळायला हवं होतं.

आता जमिनीतल्या धनाबद्दल. डिटेक्टर म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांत हंडा येतो. गुप्तधनाच्या नादाने आपल्या राज्यात कोंबड्या-बकऱ्याच नव्हेत, माणसंही बळी गेली आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याची नोंद आहे ती उगाच नाही. आता बाबाच्या हातात लिंबाऐवजी यंत्र आलं आहे. मैलभरावरचं सोनं दाखवतो म्हणणारी उपकरणं विकली जातात. असं कुठलंही यंत्र नाही. वर क्षेत्र कसं विरतं ते सांगितलं, त्यावरूनच हे कळतं. इराकमध्ये तर बॉम्ब शोधणारं म्हणून एडीई ६५१ नावाचं उपकरण नाक्यानाक्यावर वापरलं गेलं. त्यात इलेक्ट्रॉनिक असं काहीच नव्हतं, गोल्फचे चेंडू शोधायच्या एका खेळण्यावरून ते केलेलं. विकणाऱ्याला २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने १० वर्षांची शिक्षा दिली. त्या नाक्यांवरून पुढे गेलेल्या गाड्यांनी घेतलेले जीव कशानेही परत येणार नाहीत.

खरं सापडतं तेव्हाही प्रश्न संपत नाही. १९७४ मध्ये नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला झाडाचं बुंध खणताना एका माणसाला ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला रथ, चारही भरीव, मिळून ६० किलोंहून जड. रथात उभा असलेला तो माणूस मी चित्रात पुष्कळदा पाहिला आहे, पाहून मन भरत नाही. पण त्या नेमक्या कोणत्या थरात होत्या, शेजारी काय होतं, हे उत्खननाच्या शिस्तीने नोंदलं गेलं नाही, म्हणून त्यांच्या काळाबद्दल अभ्यासक अजून वाद घालतात. याउलट १९९२ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या हॉक्सन गावी एक गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा डिटेक्टरने शोधत होते आणि रोमन नाणी लागली. थोडी हाती आल्यावर ते थांबले आणि सरकारी यंत्रणेला कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी माती जशीच्या तशी उचलली. सुमारे १५,००० नाणी, दागिने, चमचे, आणि ते ज्या पेटीत रचले होते ती रचनासुद्धा समजली. हातोडाही सापडला. तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

त्यांचं ते थांबणं मला यंत्रात हवं आहे. वर उभं राहूनच खाली काय आहे ते कळलं, तांब्याचा मिश्रधातू, चार वस्तू, आकार असा, खोली एवढी, तर फावड्याची घाईच उरणार नाही. आज खणल्याशिवाय कळत नाही, म्हणून माणसं खणतात, आणि खणताना थर मोडतात. अर्थात हेच यंत्र चोराच्याही हाती पडेल, आणि तो बुचांवर वेळ न घालवता थेट मूर्तीवर जाईल. आपला १८७८ चा कायदा सांगतो की दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवा. दहा रुपये! तो कायदा करणाऱ्यांनी जमिनीवरून ऐकू येईल असं काही असू शकतं याची कल्पनाही केली नव्हती. नव्या यंत्राच्या आत जुन्या वस्तूचा ठसा ओळखताच जागा आणि वेळ नोंदवून ठेवणारी सोय सक्तीने असावी, असं मला वाटतं. ते पाळलं जाईल का, याची मला काळजी आहे.

गेल्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून गावी आला तो डिटेक्टर घेऊनच. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, साठवलेल्या पैशांतून मागवलेला. "आत्या, तू मला सेटिंग लावून दे." मी मातीचा समतोल लावून दिला. आमच्या जमिनीला तो लवकर लागेना. आम्ही तिघं शेतात गेलो, अण्णा काठी टेकत.

यंत्र वाजलं तिथे त्याने खणलं. बैलाची पत्री निघाली, झिजून पातळ झालेली. अण्णांनी ती अंगठ्याने पुसली आणि म्हणाले, "ही सर्ज्याची. त्याचा मागचा उजवा पाय असाच एका बाजूनं झिजायचा." मग पाकळीदार कडेचं दहा पैशांचं नाणं. मग कुळवाच्या पाशीचा तुकडा. मग बाटल्यांची बुचं, एक, दोन, सात. प्रत्येक वेळी यंत्र सारखंच वाजलं आणि प्रत्येक वेळी अण्णांनी काय निघालं ते सांगितलं, कुणाचं, कधीचं, सगळं.

बांधाखाली चिंचेजवळ भाच्याने यंत्र पुन्हा पुन्हा फिरवलं. तिथे ते वाजलं नाही. पुरुषभर खोल गेलेली बोटभर तार कोणत्याच हातातल्या यंत्राला ऐकू येत नाही, शिवाय २८ वर्षांत गंजून तिचं किती उरलं असेल, ते मी त्याला समजावून सांगितलं. त्याने यंत्र बंद केलं.

"आजोबा, इथंच का पण? झाड तर केवढं वाढलंय."

अण्णांनी काठी उचलली आणि मुळाच्या थोडी अलीकडे टेकवली. "इकडं तोंड होतं तिचं," ते म्हणाले. मग चार पावलं चालून पुन्हा टेकवली. "आणि पाय हे इकडं."